रेडिमेड ग्रीस ट्रॅप, विटांचं चेंबर आणि मागच्या दारी आलेली पाहणी

खान्देशात पांझरा नदीच्या काठच्या एका गावात आमची खानावळ आहे. शेवभाजी, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि बुधवार-रविवार मटण. एका पंगतीला चोवीस माणसं बसतात. रोज सहा-सात लिटर तेल लागतं, कारण आमच्याकडे तर्री नसलेल्या रश्शाला कोणी रस्सा म्हणत नाही. ताटाला, पातेल्याला, कढईला जे तेल चिकटून राहतं ते घासताना मोरीत जातं. एकोणीस वर्षं ते मोरीतून गटारीत आणि गटारीतून नाल्यात जात राहिलं. यंदा मे महिन्यात नगरपालिकेची पाहणी आली. त्यानंतर मी आधी स्टीलचा एक तयार ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारा डबा, आणला, तो फसला. मग विटांचं चेंबर बांधलं, ते चालतंय. ज्यांचं हॉटेल, खानावळ, मिठाईचं दुकान किंवा वॉशिंग सेंटर आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते.

पाहणीपासून सुरुवात करते, कारण खरं काम तिनेच केलं. दुपारचे तीन वाजले होते, शेवटची पंगत उठली होती. स्वच्छता निरीक्षक आणि सोबत एक कर्मचारी. मला वाटलं परवाना बघतील, प्लास्टिकच्या पिशव्या बघतील आणि जातील. ते पुढे थांबलेच नाहीत. म्हणाले, "ताई, मागचं दार उघडा." मागे आमची मोरी, चुलीची राख टाकायचा कोपरा, खरकट्याचा पिंप आणि भिंतीला टेकवलेल्या पायपुसण्या. त्यांनी एकेक बघितलं. पिंपाला झाकण नाही, पाऊस आला की खरकटं भरून वाहणार. राख गटारीपासून दोन हातांवर, पहिल्या सरीबरोबर सगळी आत. पायपुसण्या आम्ही गल्लीतच पाणी मारून धुतो, ते पाणी कुठे जातं? पुढची फरशी धुतल्यावर पाणी झाडूने कुठे लोटता? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकच होतं, गटारीत.

मग त्यांनी बादलीभर पाणी मागितलं आणि हळद आहे का विचारलं. मूठभर हळद कालवून ते पाणी मोरीत ओतायला सांगितलं आणि आम्हाला गल्लीच्या टोकाला नेलं, जिथे गटार नाल्यात पडते. आम्ही उभे राहिलो. चार मिनिटांच्या आत पिवळं पाणी आलं. नाल्याच्या काळ्या पाण्यात ती पिवळी धार वेगळी दिसत होती. नाल्यातून नदी दीडशे पावलांवर. मधे टाकी नाही, जाळी नाही, शुद्धीकरण केंद्र नाही. आमच्यासारख्या छोट्या गावात उघडी गटार एकच असते. सांडपाणी तीच नेते, पावसाचं पाणीही तीच नेते, आणि ती सरळ नदीला जाते. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या मोरीतलं पाणी चार मिनिटांत तिथे पोचतं हे मी कधी उभं राहून बघितलं नव्हतं.

सासूबाई दारातूनच बघत होत्या. आत आल्यावर त्यांनी विचारलं, "हाई पानी नदीमा जास का वं?" मी हो म्हटलं. त्या नंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचे वडील फडाचे पाटकरी होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पांझरेवर आणि शेजारच्या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. त्यांतून पाट निघतात आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी गावकरीच सांभाळायचे. हवालदार, पाटकरी, जागल्या अशी माणसं त्यासाठी नेमलेली असत. सासूबाई सांगतात, त्यांचे वडील पाटाच्या कडेने रोज चालत जायचे, पाटात कोणी जनावर धुतलं किंवा घाण टाकली तर तिथेच उभे राहून हाक मारायचे. मला ती हळदीची बादली बघून पाटकरीच आठवला. कागदावर सही घेऊन जाणारा माणूस आणि पाण्याबरोबर चालत जाणारा माणूस यांत फार अंतर आहे.

मला आणखी एक गोष्ट आठवली, ती मी आजवर घरात कोणाला बोलले नव्हते. मागच्या वर्षी श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, विसर्जनाच्या सोमवारी आम्ही बायका डोक्यावर कानबाई घेऊन नदीवर गेलो. विसर्जनासाठी पाण्यात उतरलो तर पायाला चिकट लागलं. वरच्या बाजूला नाल्याचं तोंड, तिथून तेलाचा पातळ पापुद्रा पसरत आला होता, उन्हात त्यावर रंग चमकत होते. त्यातलं किती माझ्या चुलीवरचं, किती बाकीच्यांचं, हे कोण सांगणार? पण रविवारी आमच्याकडे मटणाची गर्दी होती हे मला ठाऊक होतं. मी पाय धुऊन घरी आले आणि गप्प बसले.

निरीक्षकांनी जाताना एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यात बसली. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत गटारीच्या तळाला आणि भिंतींना जे तेल, राख, खरकटं चिकटून वाळत असतं ते पहिल्या जोरदार पावसात एकदम सुटून नदीत जातं. त्या दिवशी नदीत पाणी थोडं आणि घाण सगळ्या उन्हाळ्याची. पाण्यावर तेलाचा थर आला की हवा आत मिसळत नाही, अन्न कुजायला लागलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडतात. म्हणून पाहणी मे महिन्यात, पावसाच्या आधी. जलप्रदूषणाचा कायदा 1974 चा आहे. त्याच्या कलम 24 प्रमाणे घातक किंवा दूषित करणारा पदार्थ जाणूनबुजून नदीत, विहिरीत, गटारीत किंवा जमिनीवर सोडायला बंदी आहे. दंड त्यांनी त्या दिवशी लावला नाही. पंधरा दिवसांची मुदत दिली. पिंपाला झाकण, राख शेडखाली, पायपुसण्या आतल्या मोरीत धुवायच्या आणि मोरीच्या पाण्याला ग्रीस ट्रॅप.

झाकण आणि राख हे काम दोन दिवसांत झालं. ग्रीस ट्रॅप म्हणजे नेमकं काय, केवढा, कुठे, हे मात्र त्यांच्या कागदावर नव्हतं. पाहणीत मला खटकलं ते एवढंच. एका कागदावर साधं रेखाचित्र आणि मापं छापून दिली असती तर माझे साडेनऊ हजार वाचले असते.

ते साडेनऊ हजार गेले स्टीलच्या तयार ट्रॅपमध्ये. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. वस्तू दिसायला सुबक होती. चकचकीत डबा, आत दोन पडदे, एक जाळीची टोपली, चाळीस लिटरची. मोरीखाली बसवायचा, वर सिंक, खाली पाइप. पहिले तीन दिवस फार समाधान वाटलं. चौथ्या दिवशी रविवार होता. रात्री साडेनऊला भांडी घासणाऱ्या मावशींनी हाक मारली, पाणी तुंबून मोरीबाहेर आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी गल्लीच्या टोकाला जाऊन बघितलं तर तेलही पूर्वीइतकंच बाहेर जात होतं. म्हणजे पाणीही अडलं आणि तेलही अडलं नाही.

असं का झालं हे नंतर कळलं, आणि विकत घेणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. तेल पाण्यावर तरंगतं हे आपण रोज रश्शात बघतो. पण तरंगायला त्याला वेळ लागतो आणि पाणी निवलेलं, संथ लागतं. साधा अंदाज असा की पाणी निदान अर्धा तास आत थांबलं पाहिजे. आमच्याकडे गर्दीच्या वेळी तासाला अडीचशे लिटर पाणी मोरीतून जातं, म्हणजे मिनिटाला चार लिटरच्या वर. चाळीस लिटरच्या डब्यात ते दहा मिनिटंही थांबत नाही. त्यात आम्ही कढया गरम पाण्याने आणि झोंबऱ्या पावडरने घासत होतो. गरम साबणाच्या पाण्यात तेल फुटून बारीक थेंबांचं दूध होतं, ते सगळे पडदे ओलांडून जातं आणि पुढे गटारीत गार पडलं की तिथे थिजतं. दुकानदाराने वर एक जिवाणूंची पावडरही दिली होती, टाकली की चरबी खाऊन टाकते म्हणाला. आमच्याकडे फरक दिसला नाही. चहा-नाश्त्याच्या टपरीला, जिथे दिवसाला दहा-बारा ताटं घासली जातात, तिथे हा डबा चालेल असं मला वाटतं. तर्रीच्या स्वयंपाकाला तो पुरत नाही.

मग मिस्त्री बोलावला. आमच्या भागात आप्पा म्हणून सगळे ओळखतात, संडासाच्या टाक्या बांधण्यात आयुष्य गेलेलं माणूस. त्यांना मी अर्ध्या तासाचं गणित सांगितलं. ते अंगणात बसले, काडीने मातीवर आखलं आणि म्हणाले, "आक्का, संडासाची टाकीच आहे ही, फक्त इथे गाळ खाली नाही, वर धरायचा." तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. पाणी दीड फुटापर्यंत राहतं, म्हणजे नऊ घनफूट, सुमारे अडीचशे लिटर. आमच्या गर्दीच्या वेळीही पाणी तासभर आत थांबतं. आत विटांच्या दोन भिंती, म्हणजे तीन कप्पे. पहिल्या कप्प्यात तोंडाशी जाळीची टोपली, भात, कांदा, मिरचीची देठं तिथेच अडतात. दुसऱ्या कप्प्यात पाणी भिंतीच्या तळाच्या भोकातून येतं, म्हणून वर तरंगणारं तेल मागेच राहतं. तिसऱ्यातून बाहेर जाणाऱ्या पाइपला चार इंची टी, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखा तीन तोंडांचा जोड, बसवली आहे आणि तिचा पाय तळापासून सहा इंच वर ठेवला आहे. बाहेर जातं ते मधलं पाणी. तळाचा गाळ तळाला, वरचं तेल वर. टीचं वरचं तोंड उघडं ठेवलं आहे, पाइप तुंबला तर सळई घालता यावी म्हणून. आतून सिमेंटचा घोटीव गिलावा, कोपरे गोल, म्हणजे खरवडताना चरबी कोपऱ्यात बसत नाही.

विटा, सिमेंट, पाइप, मजुरी मिळून चौदा हजार दोनशे रुपये लागले, तीन दिवस काम आणि पुढे चार दिवस पाणी मारून ठेवलं. त्या सात दिवसांत भांडी मागच्या अंगणात टबमध्ये घासली आणि पाणी कडुनिंबाच्या आळ्यात दिलं. झाडाला ते मानवलं नसावं, पण दुसरा इलाज नव्हता.

पंधरा दिवसांच्या मुदतीत चेंबर पूर्ण झालं नाही. मी नगरपालिकेत जाऊन सांगितलं, आठ दिवस वाढवून मिळाले. तेही कोणाकडे पदर न पसरता मिळाले, हे मुद्दाम लिहिते.

चेंबर बांधून काम संपत नाही, हे मला जुलैत कळलं. वर साचलेला चरबीचा थर काढायचं काम मी आठवड्याला ठरवलं होतं. दोन आठवडे केलं. मग घरात आजारपण आलं आणि तीन आठवडे झाकण उघडलं नाही. उघडलं तर दुसऱ्या कप्प्यात जवळजवळ सहा इंचांचा पांढरट-पिवळा थर, थिजलेल्या डालड्यासारखा. पाण्याची खोली अठरा इंच, त्यातली एक तृतीयांश चरबीनेच भरलेली. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत नियम असा आहे की तरंगणारी चरबी आणि तळाचा गाळ मिळून खोलीच्या चौथ्या हिश्शावर गेले की चेंबर उपसलंच पाहिजे, कारण त्यापुढे ते तेल धरत नाही, बाहेर ढकलतं. आमचं ते केव्हाच ओलांडून गेलं होतं. आता दर सोमवारी सकाळी, पाणी रात्रभर निवलेलं असताना, जुन्या झाऱ्याने थर काढते. आठवड्याला तीन-चार किलो निघतो. त्यात लाकडाचा भुसा कालवला की घट्ट होतो, मग पिशवीत बांधून घंटागाडीला. खालचा गाळ महिन्यातून एकदा. वास येतो, खोटं सांगणार नाही. नाकाला पदर बांधून अर्धा तास लागतो.

चरबी चेंबरपर्यंत कमी जावी म्हणून घासायची रीतच बदलली, आणि मला वाटतं अर्धं काम त्यानेच झालं. आधी पुसायचं, मग धुवायचं. कढई आणि पातेली गरम असतानाच चुलीची चाळलेली राख टाकून जुन्या कापडाने पुसून घेतो, तेल राखेत जातं, राख कचऱ्यात. ताटातलं खरकटं हाताने पिंपात, नळाखाली नाही. पुढची फरशी आधी कोरडी झाडतो, सांडलेल्या रश्शावर भुसा टाकून उचलतो, मग ओल्या फडक्याने पुसतो. फडकं आतल्या मोरीत पिळायचं. मावशींना पहिले दोन आठवडे हे जड गेलं. आता पाणी कमी लागतं म्हणून त्याच दुसऱ्या मुलींना शिकवतात.

तळणीचं तेल हा निराळा विषय आहे, ते चेंबरमध्ये कधीच ओतू नये. शेव आणि भजी तळून काळं झालेलं तेल आम्ही गाळून पंधरा लिटरच्या डब्यात साठवतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून मर्यादा घातली आहे, तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात वाढत जाणारे खराब घटक, 25 टक्क्यांवर गेले की ते तेल खायच्या कामाला वापरायचं नाही. असं तेल गोळा करून त्यातून बायोडिझेल करायची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. ज्यांचा तेलाचा वापर दिवसाला 50 लिटरच्या वर आहे त्यांना नोंदवही ठेवावी लागते. आमचा नाही, तरी मी वही ठेवते. दोन-तीन महिन्यांनी एक अधिकृत गाडी जिल्ह्याच्या ठिकाणाहून येते, डबे नेते, पावती देते. मधे एक माणूस जास्त भावाने मागायला आला होता. कशाला लागतं विचारल्यावर नीट बोलला नाही. त्याला दिलं नाही.

एक लिटर तेल म्हणजे किती, हे मी एका रात्री वहीत मांडून बघितलं. नदीत सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर नको, गटारीच्या जाळ्यात सोडताना 20 च्या वर नको, असं मानक आहे. लिटरभर तेल नऊशे ग्रॅम धरलं तर ते नव्वद हजार लिटर पाण्याला त्या 10 च्या रेषेवर नेऊन ठेवतं. दहा हजार लिटरचे नऊ टँकर. आमच्याकडून दिवसाला एक लिटर तरी जात असेल. एकोणीस वर्षांचा हिशोब मी मांडला नाही. आमची पांझरा पुढे मुडावदला तापीत मिळते, मग सारंगखेडा, प्रकाशा, तिथून गुजरातेतलं उकाई धरण. प्रकाशाला लोक दक्षिण काशी म्हणून स्नानाला येतात.

दुसरी पाहणी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाली, न सांगता, भर पावसात. तेच निरीक्षक, रेनकोट घातलेले. चेंबरचं झाकण उघडायला लावलं आणि काठी घालून थर मोजला. बोटभर होता, कारण दोनच दिवस आधी मी तो सहा इंचांचा प्रकार निस्तरला होता. ही पाहणी आठ दिवस आधी झाली असती तर मी नापास झाले असते, आणि ते योग्यच झालं असतं. मला विचाराल तर पहिल्या भेटीपेक्षा ही दुसरी जास्त मोलाची. पहिल्या भेटीने चेंबर बांधलं जातं. ते चालू राहतं ते कोणीतरी काठी घेऊन पुन्हा येईल या जाणिवेने.

गल्लीतल्या सगळ्यांकडे मात्र हे झालेलं नाही. पलीकडच्या रस्त्यावर गाड्या धुतात, काळं ऑइल फेसाबरोबर त्याच गटारीत येतं. दोन हॉटेलांचे पाइप अजून थेट नाल्यात आहेत. खानावळवाल्या बाईने पैसे घालायचे आणि मोठ्यांकडे मागचं दार उघडायलाही कोणी सांगायचं नाही, असं होऊ नये. मी हे नगरपालिकेत लेखी दिलं आहे, त्याची पोच घेतली आहे.

चेंबरने सगळं होतं असंही नाही. साबण त्यातून जातोच, मसाल्याचं पाणी जातंच. ते धरायला गावाला शुद्धीकरण केंद्र हवं. चेंबर तेल आणि खरकटं धरतं, तेवढंच त्याचं काम आणि तेवढं ते चोख करतं. यंदा कानबाईच्या सोमवारी मी नाल्याच्या तोंडापाशी मुद्दाम थांबले. पापुद्रा होता. मागच्या वर्षीपेक्षा विरळ होता, पण होता. सासूबाईंनी त्याच्या वरच्या अंगाला, स्वच्छ धार बघून, कानबाई पाण्यात सोडली.

कोणी बांधणार असाल तर मिस्त्रीला एक आधीच सांगा. झाकण अख्खं करू नका, दोन तुकड्यांत करा आणि दोन्हींना लोखंडी कडी लावून घ्या. आमचं पहिलं झाकण एका फरशीचं होतं, आम्हा दोघी बायकांना ते उचलता यायचं नाही, म्हणून सोमवार टळायचा. आप्पांनी ते कापून दिलं त्या दिवसापासून एकही सोमवार चुकलेला नाही.